विहीणबाईंचा आडोसा

सायकल सहलीच्या मुक्कामावर सकाळी सगळे चाकांत हवा भरत होते, तेव्हा चष्मेवालीला लेकीचा फोन आला. लेक उशिरा उठणाऱ्यांतली. एवढ्या सकाळी तिचा फोन म्हणजे काहीतरी असणारच. चष्मेवालीने हातातला पंप तसाच खाली टाकला आणि ती मुक्कामाच्या इमारतीमागे, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांपाशी गेली. दोऱ्यांवरचे टॉवेल वाऱ्याने अगदी आडवे झाले होते.

"आई, आधी एक सांगते, घाबरू नकोस," लेक म्हणाली.

"बोल."

"मी घर सोडलंय. कालच. मैत्रिणीकडे आहे, ठीक आहे, जेवलेय, झोपलेय. आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. भांडण नाही, हात उचलणं नाही, तिसरं कुणी नाही. तू विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकते."

"मग झालं तरी काय?"

"काहीच झालं नाही, आई. किती दिवस आमच्यात काहीच होत नाहीये. तेच झालंय."

टॉवेल फडफड करत होते. एक सुटून चष्मेवालीच्या तोंडावर आला, तो तिने धरून ठेवला.

"आणि ऐक," लेक म्हणाली, "आईंना यातलं काही बोलू नकोस. तो स्वतः सांगणार आहे, तुम्ही परत आल्यावर. त्याने माझ्याकडून तेवढंच मागितलंय. शब्द दे मला."

आई म्हणजे लेकीच्या सासूबाई. म्हणजे चष्मेवालीची विहीण. आणि विहीणबाई त्या क्षणी इमारतीच्या पुढच्या बाजूला, चष्मेवालीने टाकून दिलेला पंप घेऊन तिच्याच सायकलीत हवा भरत होत्या.

चष्मेवालीने शब्द दिला. दुसरं करणार काय?

या दोघींचं सूत जुळलं तेच मुळी मुलांच्या लग्नाच्या बोलणीत. मुलाकडची मंडळी घरी आली होती. विहीणबाईंनी दारातल्या बोळात भिंतीला टेकवलेली सायकल पाहिली आणि विचारलं, "ही कोण चालवतं?" चष्म्याच्या दुकानात रोज सायकलने जाणारी चष्मेवाली म्हणाली, "मीच." मग दोघी तिथेच बोळात उभ्या राहून गिअर, सीट आणि गुडघेदुखी यांवर इतकं बोलल्या, की आत बसलेले पाहुणे चहासाठी ताटकळले आणि मुलामुलीने आपलं आपणच उरकून घेतलं. विहीणबाई पोहायला शिकवत. उंच, रुंद खांद्यांच्या, आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठाला पोचणारा. चष्मेवाली शिडशिडीत, नवरा जाऊन काही वर्षं झालेली, दुकान आणि लेक यापलीकडे जग नसलेली. विहीणबाईंनी तिला ओढून रविवारच्या सायकल मंडळीत नेलं. मंडळीत विहीणबाईंना सगळे 'भिंत' म्हणत, कारण समोरून वारा आला की जो तो त्यांच्या मागे लपायला बघे. लग्नकार्यात, चारचौघांत दोघी एकमेकींना 'अहो विहीणबाई' करत, आणि सायकलवर बसल्या की 'अगं, तुगं' सुरू. नियम एकच होता, विहीणबाईंनीच घातलेला: सायकलवर मुलांचा विषय काढायचा नाही. "संसार त्यांचा, सीट आपली," त्या म्हणायच्या.

त्या दिवशी निघतानाच कप्तानाने सगळ्यांना गोळा केलं. कप्तान म्हणजे मंडळीचा म्होरक्या, एरवी रंगाच्या दुकानाचा मालक. गळ्यात शिट्टी अडकवून फिरायचा, म्हणून कप्तान. "आज वारा तोंडावर आहे," तो म्हणाला. "दुपारनंतर आडवा होईल. खाडीवरचा पूल लागेल, तिथे कुणी शहाणपणा करायचा नाही. एकामागे एक राहा, पाळीपाळीने पुढे या. टेम्पो मागून येतोय. ज्याला झेपणार नाही त्याने गुपचूप त्यात बसायचं, लाजायचं नाही."

गाव मागे पडलं, झाडं संपली आणि वाऱ्याने खरं रूप दाखवलं. दोन्ही बाजूंना मोकळी, सपाट जमीन. अडवायला काही नाही. उताराला सुद्धा पॅडल मारावं लागत होतं. रांगेतला पहिला माणूस जेमतेम थोडा वेळ टिके, मग धापा टाकत बाजूला होऊन मागे जाई. तासाभरात रांगेचे तुकडे झाले. तरणेताठे पुढे गेले, दमलेले मागे टेम्पोच्या आसपास राहिले आणि मधल्या रस्त्यावर या दोघीच उरल्या. विहीणबाई पुढे, चष्मेवाली मागे.

"तू मागेच राहा गं," विहीणबाई मान वळवून ओरडल्या. "आज तुझा रंग काही बरा नाही. झोप झाली नाही का?"

"झाली की."

"मग राहा गुपचूप. मी आहे."

ती राहिली. विहीणबाईंच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर, त्यांच्या पिवळ्या जॅकेटकडे बघत. तिथे वारा नव्हता. कानांच्या दोन्ही बाजूंनी तो घोंघावत जात होता, पण तिच्या छातीला लागत नव्हता. एरवी या जागेचं तिला केवढं सुख वाटायचं. आज वाटत होतं, आपण चोरी करतोय. ही बाई आपल्यासाठी छाती फुटेस्तोवर वारा कापतेय आणि आपण तिच्या पाठीमागे तिचंच घर मोडल्याची बातमी घेऊन बसलोय.

तिने एकदा जोर करून पुढे यायचा प्रयत्न केला. "आता माझी पाळी."

"कशाला उगाच?"

"म्हटलं ना, माझी पाळी! सारखं काय उपकार करत असतेस?"

विहीणबाईंनी चमकून पाहिलं. त्या बाजूला झाल्या. चष्मेवाली पुढे आली आणि वाऱ्याने तिला भिंतीवर आपटावं तसं थोपवलं. गिअर हलका केला, मान खाली घातली, ओठ चावले. पण सायकल जागची हलेल तर शपथ. थोड्याच वेळात तिच्या मांड्यांनी हात टेकले. विहीणबाई मुकाट्याने पुन्हा पुढे गेल्या. हे मुकाट्याने जाणंच तिच्या जास्त जिव्हारी लागलं.

चहाला थांबल्या ती जागा म्हणजे ट्रकांच्या वजनकाट्याशेजारची पत्र्याची टपरी. पत्रे धडाधड वाजत होते. मालकाने त्यावर जुने टायर ठेवले होते, ते सुद्धा थरथरत होते. कपातला चहा वाऱ्याने सांडत होता, म्हणून दोघी कपाभोवती तळवे धरून भिंतीला पाठ लावून बसल्या.

"आज मी नियम मोडणारे," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "मुलांचा विषय काढणारे. म्हणजे तुझी कळी खुलेल."

चष्मेवालीने कपात तोंड घातलं.

"वरच्या मजल्यावरची ती मधली भिंत आहे ना, ती पाडतेय. दोन खोल्यांची एक मोठी खोली, मागे त्यांचं वेगळं स्वयंपाकघर, वेगळा जिना. दोघं त्या भाड्याच्या खुराड्यात गुदमरतात. वर आले की माझा त्रास नाही आणि मी हाकेच्या अंतरावर. गवंडी परवा येणार. त्याला आज दुपारी फोन करून हो म्हणायचंय, की तो माणसं लावेल. मुलांना बोलू नकोस हं! गंमत आहे."

"छान आहे," चष्मेवाली म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"छान काय नुसतं? जिना कुठून काढू ते सांग. तुझ्या लेकीला काय आवडेल?"

"जरा थांब ना. घाई कसली आहे?"

"अगं, घाई काय? चार महिने त्या गवंड्याच्या मागे लागलेय मी!"

विहीणबाई उठल्या. चष्मेवालीला वाटलं, इथेच, आत्ताच सांगून टाकावं. पण टपरीवाला समोर, टेम्पोवाला चहा पीत उभा, आणि शब्द दिलेला. तिने उरलेला चहा संपवला.

पुढचा रस्ता वळला आणि वारा थोडा बाजूने यायला लागला. आता मागे राहूनही पूर्ण आडोसा मिळेना. मधेच ट्रक जाई, तो आधी ओढून घेई आणि मग ढकलून देई. दोघी हँडल घट्ट धरून चालवत होत्या. चष्मेवालीचं मन मात्र रस्त्यावर नव्हतंच. तिच्या डोळ्यांसमोर घण घेतलेला गवंडी उभा होता. भिंत पडणार. धुरळा उडणार. मग मुलगा येणार आणि आईला सांगणार, की वर राहायला कुणी येणार नाही.

एका पुलाखालच्या बोगद्यात विहीणबाईंनी पाय टेकला आणि जॅकेटच्या मागच्या खिशातून फोन काढून पाहिला. "इथे रेंज नाही," त्या म्हणाल्या. "पुढे चढावर मिळेल. तिथे थांबून गवंड्याला लावते."

पुन्हा चाकं फिरू लागली. चढ समोर दिसत होता. चष्मेवालीने दम गोळा केला.

"त्याला फोन करू नकोस!"

"काय?" विहीणबाईंनी विचारलं. वाऱ्याने शब्द मागच्या मागे उडवून नेले होते.

"गवंड्याला नाही म्हण!"

"काय म्हणतेस? ऐकू येत नाही!"

"मुलं येणार नाहीत!"

"कोण येणार नाही?"

आणि मग चष्मेवाली फुफ्फुसं फाटेपर्यंत ओरडली. एरवी कानात कुजबुजतानाही जीभ अडखळावी असं वाक्य तिने उघड्या रस्त्यावर बोंब मारून सांगितलं. "आपली मुलं वेगळी झाली! तिने घर सोडलंय!"

हे ऐकू गेलं. ते तिला विहीणबाईंच्या पाठीवरून कळलं. पिवळं जॅकेट क्षणभर ताठ झालं. तिला वाटलं, त्या थांबतील. त्या थांबल्या नाहीत. मागे वळून पाहिलंही नाही. त्यांनी गिअर बदलला, खटकन आवाज आला, आणि त्या उभ्या राहून पॅडल मारू लागल्या. हातभराचं अंतर दोन हात झालं, मग दहा हात. चष्मेवाली जिवाच्या आकांताने मागे लागली, पण आडोसा सुटला तसा वारा तिच्या अंगावर तुटून पडला. पिवळा ठिपका चढावर गेला आणि पलीकडे उतरला. विहीणबाईंनी तिला खरोखरच वाऱ्यावर सोडलं होतं.

त्यानंतरचा रस्ता तिने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते वाऱ्याने की कशाने, हे ठरवायच्या भानगडीत ती पडली नाही. टेम्पोवाल्याने शेजारी येऊन काच खाली केली. "बसा ताई, कशाला जिवाशी खेळता?" तिने नुसती मान हलवली. टेम्पोत बसलं तर विहीणबाईंच्या शेजारून काचेआडून जावं लागलं असतं, आणि ते तोंड तिच्याजवळ नव्हतं.

खाडीच्या पुलाशी पोचली तेव्हा बाकीची मंडळी चौकीच्या भिंतीआड बसली होती. कप्तान शिट्टी हातात घेऊन येरझारा घालत होता. पुलावर सायकल चालवायला चौकीदाराने बंदी केली होती. टेम्पो खेपा करून एकेकाला पलीकडे नेणार होता.

"भिंत कुठे आहे?" तिने विचारलं.

"गेली!" कप्तान वैतागला होता. "इथे बसून कुणाशी तरी फोनवर बोलली, मग उठली आणि सायकल हातात धरून निघाली पायी. मी अडवलं तर म्हणते, चालायला बंदी नाही ना? तुमचं काही बिनसलंय का?"

चष्मेवाली सायकलवरून उतरली आणि ती ढकलत पुलावर शिरली. मागून शिट्टी वाजली. वाजू दे.

पुलावर वारा नुसता वाहत नव्हता, अंगावर येत होता. खाली गढूळ पाणी उलट्या दिशेने सुरकुतत होतं. पायवाट अरुंद, एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला ट्रक. सायकलची चाकं जमीन सोडायला बघत होती. पुलाच्या मध्यावर तिला विहीणबाई दिसल्या. त्यांची सायकल वाऱ्याने फिरून कठड्यावर आदळली होती, हँडल गजांत अडकलं होतं आणि त्या दोन्ही हातांनी ते ओढत होत्या. ते निघत नव्हतं.

चष्मेवालीने आपली सायकल कठड्याला आडवी टाकली आणि त्यांच्या शेजारी बसून हँडल खालून उचललं. दोघींनी मिळून जोर केला तसं ते सुटलं. दोघीही मागे कोलमडल्या आणि कठड्याला पाठ लावून तशाच खाली बसल्या.

"तुम्हाला कधी कळलं?" विहीणबाईंनी विचारलं.

'तुम्हाला.' सायकलवर असताना त्यांनी तिला अहो-जाहो केलेलं हे पहिल्यांदाच.

"आज सकाळी."

"म्हणजे सकाळपासून तुम्ही माझ्या मागे होतात. मी हवा भरली तुमच्या चाकात. मी जिना कुठून काढू ते विचारलं. आणि तुमच्या तोंडातून ब्र नाही."

"लेकीला शब्द दिला होता."

"मग मोडलात कशाला?"

"गवंडी येणार होता म्हणून."

विहीणबाईंना हसू फुटलं, पण ते हसू नव्हतं. मधेच त्याचा सूर फाटला. "गवंड्यासाठी! माझ्यासाठी नाही, गवंड्यासाठी!" त्यांनी तोंड पुसलं. "मी पोराला फोन केला. विचारलं, खरं का? तो म्हणाला, हो. एवढंच. हो. पुढे काही बोलेना. मी एवढ्या मोठ्या आवाजाची बाई आणि पोटी असा मुका जन्मला."

"तो सांगणार होता तुला. परत गेल्यावर."

"तुमची लेक तरी थांबली असती परत येईपर्यंत! तिला कसली घाई? हट्टी आहे ती. पहिल्यापासून."

"हट्टी आहेच," चष्मेवाली म्हणाली. आता तिलाही राग चढला. "आणि तुझा लेक भिंतीशी बोलेल पण बायकोशी बोलणार नाही. तू कधी विचारलंस त्याला? स्वयंपाकघरं बांधत बसलीस!"

एक लांबलचक ट्रक आला. त्याच्या धक्क्याने दोघी एकमेकींवर ढकलल्या गेल्या आणि तो जाईपर्यंत एकमेकींचे दंड धरून बसल्या. ट्रक गेला तरी विहीणबाईंनी दंड लगेच सोडला नाही.

"चार-पाच महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे गेले होते," त्या म्हणाल्या. वाऱ्यात ऐकायला चष्मेवालीला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला. "बाहेरच्या खोलीत सोफ्यावर उशी आणि घडी केलेलं पांघरूण होतं. मी ते उचलून आत पलंगावर ठेवलं. कुणाला काही विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर ठरवलं, वरचा मजला नीट करून द्यायचा. म्हणजे सगळं नीट होईल."

"लेक माझ्या दुकानात आली होती," चष्मेवाली म्हणाली. "डोळे लाल. म्हणाली, कॉम्प्युटरने कोरडे पडतात. मी खुर्चीत बसवून तपासले. एवढी वर्षं लोकांचे डोळे बघतेय मी. रडलेले डोळे मला कळत नाहीत? पण मी थेंबांची बाटली दिली आणि सांगितलं, दिवसातून तीनदा घाल."

शेवटी विहीणबाई उठल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "चल. इथे बसून उडून जाऊ." पूल संपेपर्यंत त्या रस्त्याच्या कडेने चालल्या, चष्मेवाली कठड्याच्या बाजूने. दोघी मिळून आधी एक सायकल थोडी पुढे नेत, ती आडवी ठेवत, मग परत येऊन दुसरी नेत. फार वेळ लागला. पलीकडे कप्तान तोंडाला येईल ते बोलला. दोघींनी ऐकून घेतलं.

मुक्कामाच्या खोलीत संध्याकाळी विहीणबाईंनी गवंड्याला फोन लावला. "नाही, येऊ नका. नाही हो, दुसऱ्या कुणाला काम दिलं नाही. कामच नाही आता." तो काहीतरी वाद घालत होता. त्या ऐकत राहिल्या आणि ऐकता ऐकता त्यांच्या पोटरीत असा गोळा आला की फोन हातातून गळाला. चष्मेवालीने त्यांना पलंगावर आडवं केलं, पायाचा अंगठा धरून तळवा मागे दाबला आणि पोटरी रगडली. विहीणबाई उशीत तोंड खुपसून रडल्या. पायासाठी रडल्या की कशासाठी, हे तिने विचारलं नाही. तीही रडली, पण हात थांबवले नाहीत.

"आपलं काय आता?" उशीतूनच विहीणबाई म्हणाल्या. "आपण कोण आता एकमेकींच्या?"

"मला नाही माहीत."

"उद्या मी बसने घरी जाते. त्याच्याशी बोलायला हवं. बोलेल असं नाही, पण समोर बसते तरी."

"मी येऊ?"

"नको. मला तुझा राग आहे अजून. तू इथेच राहा. पूर्ण कर."

दुसऱ्या दिवशी वारा होताच. बसस्टँडवर कंडक्टर सायकल घेईना, म्हणून दोघींनी फरशीवर बसून पुढचं चाक काढलं, हँडल फिरवलं आणि सगळं जुन्या चादरीत गुंडाळून सामानाच्या कप्प्यात सरकवलं. चेनचं काळं दोघींच्या हातांना लागलं. बस सुरू झाल्यावर विहीणबाई पायरीवर थांबल्या.

"तिच्याकडे पण जाईन म्हणते," त्या म्हणाल्या. "समजवायला नाही. नुसतं बघायला. तिला विचार, आलेलं चालेल का."

चष्मेवालीने तिथूनच लेकीला फोन केला. शब्द मोडल्याचं आधी सांगितलं. लेक रागावली, बरंच बोलली. मग चष्मेवालीने विहीणबाईंचा निरोप सांगितला.

"येऊ देत," लेक म्हणाली. "पण एकट्या येऊ देत."

बस फाटकातून बाहेर वळत होती. चष्मेवालीने विहीणबाईंना फोन लावून तेवढंच सांगितलं. त्यांनी "बरं" म्हटलं आणि खिडकीतून हात हलवला. रस्त्याच्या तोंडाशी मंडळी तिच्यासाठी थांबली होती; कप्तानाने शिट्टी फुंकली. चष्मेवालीने हेल्मेटचा पट्टा लावला आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली.